झाडांबरोबर उपाशी

शाळेत प्रार्थना संपून मुलं वर्गात जायला लागली होती, तेव्हा वहिनीचा फोन आला. मंगळवार होता, डिसेंबर अर्ध्यावर आलेला. वहिनी शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून मी लगेच उचलला. "सुलूबाई, यायचा श्वास कसातरीच चालून राहिला. गाडी बोलावली, नागपूरले नेऊन राहिलो," दादाबद्दल एवढं बोलून तिनं फोन ठेवून दिला. मी मोठ्या सरांना सांगून सौंसरच्या बसस्टँडवर आले, सावनेरपर्यंत उभ्यानं गेले आणि तिथून पुढे कोणाच्या तरी पोत्यावर टेकून. दवाखान्यात पोचले तेव्हा दादा होता, म्हणजे त्याची छाती वरखाली होत होती... डोळे मात्र त्यानं उघडले नाहीत. संध्याकाळी पाचच्या सुमारास तेही थांबलं. माझा मोठा भाऊ मनोहर, तिगावजवळच्या आमच्या गावचा संत्र्याचा बागाईतदार, वय वर्षं पंचावन्न, सहा दिवस इन्सुलिनची सुई न घेतल्यामुळे मेला. हे असं सरळ लिहिते, कारण गेल्या काही आठवड्यांत ते कोणीच सरळ बोललेलं नाही. कोणी म्हणतं बोलावणं आलं होतं, कोणी म्हणतं साखरेनं नेलं, आणि सगळे म्हणतात, मोठा नेमाचा माणूस होता हो. नेमाचाच होता. त्या नेमाबद्दलच मला लिहायचं आहे, आणि त्यात माझा हात किती होता तेही लिहायचं आहे.

आमच्या भागात संत्र्याला ताण देतात. ज्यांना संत्रं फक्त सोलायला ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते. आंबिया, म्हणजे हिवाळा सरताना फुलणारा, बहार घ्यायचा असला की थंडीत, फळांची तोड आटोपल्यावर, झाडांचं पाणी बंद करायचं. आठवडाभर काही दिसत नाही. मग पानं मलूल होतात, दुपारच्या उन्हात वळतात, काही पिवळी पडून गळतात. परका माणूस पाहील तर म्हणेल, गेला हा बगीचा. हलक्या जमिनीत महिनाभर आणि आमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने असं झाडाला कोरडं ठेवायचं, आणि मग एक दिवस पाणी सोडायचं. दोन-तीन आठवड्यांत सगळं झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी येते, जास्त झाला तर फांद्या वाळत जातात आणि झाडच हातचं जातं. पाणी कोणत्या दिवशी सोडायचं हे ओळखणं हीच काय ती विद्या, आणि त्या विद्येत दादा वस्ताद होता. भर दुपारी चपला काढून बगीच्यात शिरायचा, मूठभर पानं कानाजवळ नेऊन चुरायचा आणि सांगायचा, अजून आठ दिवस. पांढुर्ण्यापर्यंतचे लोक त्याला येऊन विचारायचे, भाऊ, सोडू का पाणी? तो सांगेल त्या दिवशी सोडायचे, आणि त्यांचे बगीचे फुलायचे. याबाबतीत तो कधी चुकल्याचं मला आठवत नाही. चुकला असता एकदा दणकून, तर बरं झालं असतं.

बाबा अचानक गेले तेव्हा दादा बावीसचा होता. बगीचा त्याच्या गळ्यात पडला. पहिल्याच थंडीत त्यानं स्वतःच्या हातानं पाणी बंद केलं आणि पंधरा दिवसांत त्याचा जीव कासावीस झाला. ताटावर बसला की उठायचा. आईनं रागावून विचारलं तर म्हणाला, "झाडं उपाशी अन् मी दोन टाइम गिळू काय?" त्या दिवसापासून पाणी सोडेपर्यंत तो एकदाच जेवला, दुपारी, भाकर आणि वरण. त्या वर्षी बहार असा आला की आमच्या अंगणात उभं राहिलं तरी फुलांचा वास यायचा. झालं. पुढल्या वर्षापासून तो नेमच ठरला. पाइपाचा कॉक बंद करायचा त्या दिवशी रात्रीचं जेवण बंद, कॉक उघडला की सुरू. गावानं कौतुक केलं. आमच्याकडे कमी खाणाऱ्या माणसाबद्दल फार आदर आहे, तो का कमी खातो याची चौकशी कोणी करत नाही. तरण्या, धडधाकट देहाला दीड-दोन महिने एक वेळ जेवून काही होत नाही, दादालाही झालं नाही. मला तेव्हा ते फार छान वाटायचं. माझा भाऊ झाडांबरोबर उपाशी राहतो, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगत असे.

कॉलेजात मी बीएस्सी करत होते, दुसऱ्या वर्षाला. थंडीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा अंगात नवीन शिकल्याची मस्ती होती. ताण का द्यायचा, झाडाच्या आत काय होतं, हे दादाला ठाऊक नव्हतं, त्याला फक्त कधी ते ठाऊक होतं. मी म्हटलं, थांब, तुला दाखवते. पांढुर्ण्याच्या मेडिकलमधून जखमेवर लावायच्या आयोडीनची बाटली आणली. आमच्या ताणावरच्या झाडाची एक डहाळी कापली, आणि शेजारच्या बगीच्यातली, जिथं पाणी चालू होतं, तिथली एक. दोन्ही तिरक्या छाटून त्यांवर एकेक थेंब टाकला. शेजारची डहाळी जेमतेम मळकटली. आमची काळीनिळी झाली. मी मास्तरणीच्या आवाजात समजावून सांगितलं, की पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते, पण ऊन तर पडतच असतं, पानं उन्हातून साखर करतच असतात. ती साखर खर्ची पडत नाही, तिचं पीठ होऊन लाकडात साठत जातं. पाणी मिळालं की त्याच पिठाची फुलं होतात. दादा त्या काळ्या डागाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "म्हंजे उपाशी ठेवलं म्हणून भरलं." मी म्हटलं, हो, तसंच समज. हे माझे शब्द आहेत. मी तीस वर्षं शिकवते आहे, मुलांना एखादी गोष्ट अर्धी सांगून "तसंच समज" म्हणणं हा गुन्हा आहे हे मला आता कळतं, तेव्हा कळत नव्हतं. ती डहाळी त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आठवडाभर ज्याला त्याला दाखवत फिरला. माझ्या बहिणीनं शोधून काढलं, म्हणायचा.

तिथून दादाचं शास्त्र सुरू झालं. जे जे काही साठवतं, ते ते आधी रिकामं केलं पाहिजे, असा त्याचा पक्का समज झाला. आठ-दहा वर्षांपूर्वी घरात इन्व्हर्टर घेतला. बॅटरी मोठी, चांगली, दुकानदारानं सांगितलं होतं की पाच वर्षं बघायला नको. दादा काय करायचा, महिन्यातून एकदा चार्जिंग बंद करून पंखे-दिवे लावून ठेवायचा, इन्व्हर्टर ओरडून ओरडून गप्प होईपर्यंत. मग दोन दिवस बॅटरी तशीच रिकामी ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी चार्जिंगला लावायची. दीड वर्षात बॅटरी मेली. दुसरी आणली, तिचंही तेच. तिसऱ्या वेळी पांढुर्ण्याच्या बॅटरीवाल्यानं ती उघडून आतल्या प्लेटा दाखवल्या, पांढऱ्या पडलेल्या, कडक. तो बिचारा समजावत होता, "भाऊ, हे झाड नोहे. हिले रिकामी ठेवली की आत खडा जमते, मंग ते भरतच नाई. हिले भरूनच ठेवा लागते." दादा हसून म्हणाला, तुझा माल खराब आहे. मीही तिथं होते. मीही हसले. घरी येताना त्याची टिंगल केली, वहिनीला सांगून पुन्हा हसलो. आमच्या घरात दादाच्या बॅटऱ्या हा हसायचा विषय होता. मोबाइलचंही तसंच. तो पूर्ण बंद पडल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही, त्यामुळे दिवसातले कितीतरी तास तो लागायचाच नाही. लागला नाही तर आम्ही म्हणायचो, ताणावर आहे.

गंमत अशी की बैलांच्या बाबतीत हा माणूस कधी असं वागला नाही. आमच्याकडे शेवटची जोडी होती तोवर औताला जुंपायच्या आधी ढेप आणि कडबा त्यांच्या पुढ्यात पडल्याशिवाय स्वतः चहा घेत नसे. एकदा नवीन गड्यानं बैलांना न चारताच वखराला नेलं तर दादानं त्याला बांधावरच झापलं होतं. "पोटात काही नसन तं तो ओढन काय, तुझं डोस्कं?" बैलाचं बळ त्याच्या चाऱ्यातून येतं आणि रोजचा चारा रोज लागतो, हे त्याला नीट कळत होतं. स्वतःला मात्र तो झाडांमध्ये धरत आला, बैलांमध्ये नाही. मी हे त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही. सुचलंच नाही. आता सुचतं, रोज सुचतं.

तीन वर्षांपूर्वी त्याचं वजन उतरायला लागलं. पाणी तांब्यावर तांब्या, आणि खाल्लेलं अंगी लागेना. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, गोळ्यांचं काम नाही, शरीरात इन्सुलिन बनणंच जवळजवळ थांबलं आहे, रोज सुई घ्यावी लागेल. मी बरोबर होते. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं की जेवा किंवा न जेवा, सुई पूर्ण बंद करायची नाही, कधीच नाही. मी मान हलवली. मला तर कारणही ठाऊक होतं. झाडाला हे सगळं एकट्यानं जमतं, माणसाला जमत नाही. रक्तात साखर कितीही असो, इन्सुलिन नसेल तर ती पेशीच्या आत जात नाही. पोतंभर धान्य दाराशी आणि दाराला कुलूप. मग शरीर घाबरून स्वतःची चरबी जाळायला घेतं, भसाभस, आणि त्या जळण्यातून जे निघतं ते रक्त आंबट करतं. न जेवणाऱ्या माणसाचंही यकृत आपलं साखर सोडतच असतं, म्हणून उपाशी माणसालाही सुई लागते. हे मी अकरावीला दर वर्षी शिकवते. फळ्यावर बाण काढून शिकवते. घरी आल्यावर मी दादाला यातलं किती सांगितलं? सुई घेत जा, एवढं सांगितलं. दर वेळी फोनवर विचारायचे, सुई घेतोस ना? तो म्हणायचा, हो वं माय.

पहिल्या थंडीत वहिनीनं नेम मोडायला लावला. ती म्हणाली, यंदा रात्रीचं जेवला नाहीत तर मीही जेवणार नाही. तो दोन्ही वेळा जेवला, कुरकुरत. त्या वर्षी बहार बेताचा आला. पाऊस कमी होता, सगळ्यांचाच बेताचा होता, पण दादानं त्याचा अर्थ लावायचा तो लावला. दुसऱ्या थंडीत पुन्हा एकदा जेवायला लागला आणि सुई अर्धी केली. बोट टोचून साखर मोजायचं यंत्र मीच त्याला घेऊन दिलं होतं. आकडे चांगले आले. खाणंच कमी, मग आकडे चांगले येणारच थोडे दिवस. त्यानं मला फोन करून आकडे वाचून दाखवले, आवाजात अशी खुशी की विचारू नका. मी सहामाहीचे पेपर तपासत होते, कानाला फोन आणि हातात लाल पेन. म्हटलं, बरं आहे, पण लक्ष ठेव. पुन्हा तेच. शिक्षिकेनं "बरं आहे" म्हटलं की विद्यार्थी उत्तर पाठ करतो.

या वर्षी तोड लवकर आटोपली. फळ चांगलं होतं, क्रेट भरभरून गेले, दादा खुशीत होता. बुधवारी त्यानं कॉक बंद केला. रविवारी मी गेले, दुपारची. अंगणात नेहमीसारखा गळलेल्या, फुटक्या संत्र्यांचा ढीग होता, त्यावर माश्या. दादा पडवीत खाटेवर लोळला होता. मला बघून उठून बसला, पण उठताना धाप लागली. चेहरा ओढलेला. शेजारी पाण्याची कळशीच ठेवलेली. वहिनी म्हणाली, सकाळी दोनदा उलटी झाली. दादा म्हणाला, पित्त. मी त्याच्या खाटेवरच बसले, अगदी जवळ. तो बोलत होता, यंदा ताण कसा बसेल, थंडी कशी पडेल, आणि बोलताना त्याच्या तोंडाला वास येत होता... गोडसर, पिकून आंबलेल्या फळाचा. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "दादा, तो ढीग उचल ना अंगणातला, घरभर वास सुटला आहे." तो म्हणाला, उद्या टाकायला लावतो. मी विचारलं, सुई घेतोस ना? त्यानं हातानं, असू दे, असं केलं आणि म्हणाला, "जेवतच नाई तं सुई कायले? फुकट टोचून घेऊ?" मी म्हटलं, असं करू नकोस, डॉक्टरांना विचार. उद्या विचारतो, म्हणाला. मी चहा घेतला, वहिनीनं बांधून दिलेली संत्री घेतली आणि चारची बस पकडली.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी त्याला फोन लावला. बंद होता. मला वाटलं, ताणावर आहे, आणि मी डबा उघडला.

मंगळवारी नागपूरला अतिदक्षता विभागाच्या बाहेर एक तरुण डॉक्टरीणबाई आली. तिनं विचारलं, सुई किती दिवस बंद आहे. वहिनीनं बोटं मोजून सांगितलं, सहा. मग ती म्हणाली, यांच्या श्वासाला दोन-तीन दिवस वास येत असेल, फळासारखा, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा, तुमच्या कोणाच्या लक्षात आला नाही का? ती रागावली नव्हती, तिला कागदावर लिहायचं होतं एवढंच. वहिनी म्हणाली, "बाई, आमचं घर संत्र्याचं. आमाले तं बारा महिने फळाचाच वास." तो वास कशाचा असतो, त्याचं नाव काय, तो कसा तयार होतो, यावर मी मुलांना पाच गुणांचा प्रश्न घालते. मी त्या वासात पाऊण तास बसून आले होते आणि ढीग उचलायला सांगून आले होते.

तेराव्याला मंडप घातला होता. तिगाव, पांढुर्णा, सौंसर, लोधीखेडा, कुठून कुठून माणसं आली. जेवणाआधी चार जण दादाबद्दल बोलले. एकानं सांगितलं, भाऊनं झाडांसाठी देह झिजवला. दुसऱ्यानं सांगितलं, आजकाल लोक चार तास उपाशी राहू शकत नाहीत, आणि हा माणूस मरेपर्यंत नेमाला चुकला नाही. लोक माना डोलावत होते. मला उठून ओरडावंसं वाटत होतं की अरे, नेमानंच मेला तो, तुम्ही तीस वर्षं वाहवा केली नसती तर कदाचित जेवला असता. पण मी ओरडले नाही, कारण त्यांच्या आधी, त्यांच्यापेक्षा जास्त वाहवा मीच केली होती. पुण्याहून आलेला दादाचा मुलगा नितीन हात जोडून उभा होता. वहिनी कुठं दिसेना. पंगत बसली तरी दिसेना, तेव्हा मी मागच्या दारानं बगीच्याकडे गेले.

ती विहिरीजवळ होती. मोटर चालू होती आणि ती दोन्ही हातांनी मुख्य पाइपाचा कॉक फिरवत होती. पांढरं लुगडं चिखलानं भरलं होतं. झाडांची पानं नुकती कुठं वळायला लागली होती, ताणाला अजून तीन आठवडेही झाले नव्हते. मी जवळ जाऊन म्हटलं, "वहिनी, अजून महिना पाह्यजे. आत्ता पाणी देल्लं तं फूल नाई धरत, नुसती पालवी येते."

"मालूम आहे," ती म्हणाली. कॉक पूर्ण उघडून तिनं हात लुगड्याला पुसले. "येऊ द्या पालवी. बत्तीस वर्स मी ह्या घरात कोणाले तरी उपाशी पाहून राहिली. आता नाई पाहत."

पाणी पहिल्या ओळीच्या आळ्यांत पोचलं. भेगाळलेल्या जमिनीतून बुडबुडे यायला लागले. आम्ही दोघी तिथंच बांधावर बसून राहिलो, शेवटच्या ओळीला पाणी लागेपर्यंत. मागे मंडपातून पंगतीचा आवाज येत होता. नितीन शोधत आला, पाण्याकडे बघून काहीतरी विचारणार होता, मग न विचारता परत गेला. या वर्षी आमच्या बगीच्याला बहार नाही. ज्यांना दादा पाणी सोडायचा दिवस सांगायचा ते लोक रस्त्यानं जाताना थांबून बघतात आणि हळहळतात, की भाऊ गेला अन् बाईनं बगीचा वाया घालवला.

परवा रविवारी मी पुन्हा गेले होते. झाडं हिरवीगार आहेत, कोवळी पालवी डोळ्यात भरते, आणि फूल एक नाही. वहिनी आता दोन वेळा जेवते. तिनं मला चहा टाकायला सांगितला, म्हणून मी दूध घ्यायला फ्रिज उघडला. दाराच्या वरच्या कप्प्यात दादाच्या इन्सुलिनच्या चार सुया ओळीनं ठेवलेल्या होत्या. पेनासारख्या असतात त्या, आत किती औषध उरलं ते बाहेरून दिसतं. चारही काठोकाठ भरलेल्या. मी म्हटलं, वहिनी, या कोणाच्या कामी येतील, दवाखान्यात देऊन टाकू या. ती म्हणाली, देऊ, राहू द्या थोडे दिवस, वीज गेली की मी माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. मग भाजी चिरता चिरता, वर न पाहता, सांगायला लागली.

"शनिवारीच मी तुमाले फोन लावून राहिली होती. यायनं हातातून फोन घेतला. म्हणे, सुलूनंच तं शिकवलं हे सारं, तिले काय विचारतं? मंग रविवारी तुमी सोता आल्या. यायच्या खाटेवर बसल्या, सुईचं विचारलं, चहा घेतला... काही जास्त बोलल्या नाई. म्हटलं, सुलूबाई शिकल्यासवरल्या, त्यायनं पाह्यलं, म्हंजे बरोबरच असन."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मी तिच्या पाया पडले असते. रागानं नव्हतं. ती मला घडलेलं सांगत होती, जसं घडलं तसं, आणि चिरलेली मेथी ताटात सारत होती. मी दूध बाहेर काढलं, फ्रिजचं दार लावलं आणि आम्हा दोघींचा चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत मी पाठमोरीच उभी राहिले. त्या चार सुया अजून तिथंच आहेत, भरलेल्या.